बाप गेल्यावर प्रेम सुचते कसे?

“बाप जाऊन पुरते वर्ष झाले नाही, आणि या मुलीला प्रेम सुचते कसे?” वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी मॉर्गन मॅटसन या अमेरिकन लेखिकेच्या ‘एमी अँड रॉजर्स एपिक डीटूर’ (२०१०) या कादंबरीवर बोलले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा. विचारणारी माझीच वर्गमैत्रीण होती. बैठकीत मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

कथा थोडक्यात सांगते. एमीचे वडील मोटार अपघातात गेले आणि त्या वेळी गाडी एमी चालवीत होती. तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आई कनेक्टिकटला राहायला गेली आहे. गाडी कॅलिफोर्नियाहून तिकडे पोहोचवायची आहे. म्हणून ओळखीतल्या कुटुंबातला रॉजर चालवायला येतो. आईने रस्ता आखून दिलेला आहे, मुक्काम ठरवून दिले आहेत. ही दोघे तो रस्ता सोडतात, आणि वाट वाकडी करता करता एकमेकांच्या जवळ येतात.

यात पोरकटपणा आहे हे मी आधीच कबूल करते. गाण्यांच्या याद्या आणि हॉटेलांच्या पावत्या पानोपानी चिकटवलेल्या आहेत. शिवाय पेट्रोलला पैसे आणि हाताशी मोटार असणाऱ्यांनाच असा शोक परवडतो, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण लेखिकेने एक गोष्ट अचूक हेरली आहे. मोटारीत दोन माणसे शेजारी शेजारी बसतात आणि दोघांची नजर समोर असते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते तिथे बोलता येते.

आपल्याकडे शोकाला जागा कोणती? घर. तेरा दिवस माणसे येतात, समोर बसतात, चेहरा न्याहाळतात. रडले तर “आईकडे बघ, तूच आता तिला धीर द्यायचा”, आणि चुकून हसले तर काकूंची भुवई वर. मराठीत कोवळ्या वयाचे प्रेम मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) आहे. बाप गमावणे प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या वाट्याला ‘झुंबर’मध्ये आले. सचिन कुंडलकरांच्या ‘हॅपी जर्नी’ (२०१४) या चित्रपटात तर शोक आणि गाडीचा प्रवास एकत्रच आहेत. हे तिन्ही मला प्रिय आहेत. पण पाहा, जोशी मुलगा, लंपन मुलगा. आणि ‘हॅपी जर्नी’त गाडी भाऊ चालवतो, बहीण शेजारी बसते ती मेलेली! जिवंत मुलीने दुःख घेऊन घराबाहेर पडावे, हे आपल्या लेखकांना का सुचू नये? मुलीला प्रवासाला निमित्त लागते: लग्नकार्य, परीक्षा, नाहीतर देवदर्शन.

आणि रस्ताच हवा असेही नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती आमच्या ठाण्यालाच आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. आमची कादंबरी रुळांवर घडेल.

माझे बाबा गेले त्या रात्री त्यांनी मला हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी पेपर होता. “आले, पाच मिनिटांत,” मी म्हटले आणि अर्धा तास उठले नाही. हे मी आईला सांगितले नव्हते, कुणालाच सांगितले नव्हते. एका दुपारी कॉलेज सुटल्यावर मला डोंबिवलीला उतरायचे होते. गाडी थांबली आणि मी बसूनच राहिले. बरोबर वर्गातला एक मित्र होता. त्याने “काय झालं?” असे विचारले नाही. कल्याणला उतरून त्याने दोन तिकिटे काढली. कल्याणला रूळ फुटतात, एक वाट कर्जतची, एक कसाऱ्याची. आधी कसाऱ्याची गाडी आली, तीत बसलो. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा झाला. खडवलीच्या पुढे, खिडकीबाहेर बघत, मी ती अर्ध्या तासाची गोष्ट सांगितली. तोही बाहेरच बघत होता. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाला, “आसनगाव आलं. चहा घेतेस?”

एमीला रॉजरने बरे केले, असे मला वाटत नाही, आणि कादंबरीने तसे सुचवले तिथे ती मला खोटी वाटते. प्रेम हे औषध नव्हे. पण शोक चालू असताना ते बाहेर चपला काढून ताटकळत उभे राहत नाही, एवढे तरी मैत्रिणीने मान्य करावे.

कसाऱ्याहून परतताना अंधार पडला होता. त्याला माझ्याविषयी काही वाटते का, हे मी त्या संध्याकाळी विचारले नाही. विचारावेसे मात्र वाटले. बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.