आपल्यासारखं दिसणारंच मूल कशाला हवं?



काही वर्षांपूर्वी विक्रोळीत १४ एप्रिलनिमित्त रक्तदान शिबिर होतं. मी नोंदणीच्या टेबलावर होते. आमच्या वस्तीतला एक मुलगा नुकताच १८ वर्षांचा झाला होता, पहिल्यांदाच रक्त द्यायला आला होता. चार दिवसांनी तो रक्तगटाचं कार्ड घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "मावशी, आई-पप्पा दोघंही ओ पॉझिटिव्ह. मी एबी. असं होतं का हो?" पोरगा सायन्सला होता. आई-बाप दोघं ओ गटाचे असतील तर मूलही ओ गटाचंच असतं, हे तो शिकलेला होता. त्याला ते फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

मी त्याला त्याच्या आईकडे घेऊन गेले. तो दत्तक आहे हे निम्म्या वस्तीला माहीत होतं, फक्त त्यालाच माहीत नव्हतं. आई रडत म्हणाली, "दिसायला आमच्यासारखाच आहे ना, म्हणून सांगायची गरजच वाटली नाही."

त्या मुलाला विचारून हे लिहिते आहे. आणि त्याच्या आईच्या त्या एका वाक्याबद्दलच मला बोलायचं आहे.

माझी मुलगीही दत्तक आहे. २०१७ साली 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, नोंदणी केलेली असताना आम्हाला ईशान्येकडच्या एका संस्थेतल्या १४ महिन्यांच्या मुलीचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला. होकार कळवायला ४८ तास असतात. आम्ही त्याच रात्री होकार कळवला. तिला घेऊन घरी आलो तेव्हा सासूबाई तिच्या बारीक डोळ्यांकडे बघत म्हणाल्या, "हिला कुणी आपली म्हणेल का गं?"

खरंच म्हणत नव्हतं. स्टेशन रोडवर भाजी घेताना "नेपाळी आहे का?" दवाखान्यात तिच्यादेखत "हिची खरी आई कुठे असते?" २०२० च्या मार्चमध्ये चार वर्षांच्या माझ्या पोरीला रेशनच्या रांगेत एकाने 'कोरोना' म्हटलं. ईशान्येकडच्या लोकांना देशभर असाच त्रास होत होता आणि तो थांबवा म्हणून केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं होतं. त्या रांगेत त्या माणसाशी सगळ्यात मोठ्या आवाजात भांडल्या त्या आमच्या सासूबाई.

पण तिच्या चेहऱ्याने आमच्यावर एक उपकार केला. खोटं बोलायची सोयच ठेवली नाही. ती दोन वर्षांची असल्यापासून आम्ही तिला सांगत आलो, तू कुठून आलीस, आम्ही कसे आलो, विमानात तू किती रडलीस. आज ती नऊ वर्षांची आहे आणि मैत्रिणींना ही गोष्ट स्वतः सांगते.

माझ्याकडे दत्तकाची चौकशी करायला जोडपी येतात. त्यातली बरीच आपल्याच समाजातली. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, जरा उजळ मूल मिळेल का? निदान आपल्यात खपेल असं?" बंधुभगिनींनो, हे 'खपेल' म्हणजे काय? कुणाला कळू नये, मुलालाही कळू नये, एवढाच त्याचा अर्थ. चेहरा जुळला की लपवता येतं. आणि लपवलेली गोष्ट कधी रक्तगटाच्या कार्डातून, कधी लग्नाच्या बोलणीतून, कधी भावकीच्या भांडणातून बाहेर पडतेच.

नर्स म्हणून सांगते, हे लपवणं आरोग्याला घातक आहे. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला शुगर? बीपी? थॅलेसेमिया?" दत्तक मुलाचे आई-वडील लोकलाजेने स्वतःच्या घराण्याचे आजार सांगतात. त्या उत्तरावर मुलाचे उपचार ठरतात. त्या रकान्यात सरळ सांगा, 'दत्तक आहे, माहिती नाही.' मग डॉक्टर अंदाजावर न जाता तपासणी करतील.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. लहान बाळाचा एचआयव्हीचा अँटीबॉडी अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे बाळाला लागण झालीच असं नाही. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाळाला विषाणू आहे की नाही, हे वेगळ्या तपासणीने कळतं. अहवाल बघून घाबरून मूल नाकारू नका. बाळाच्या कमरेवर, पाठीवर निळसर डाग दिसले तर ते माराचे वळ समजू नका. ते जन्मखुणेसारखे असतात आणि बहुतेक मुलांचे वाढत्या वयात फिके पडतात. माझ्या मुलीच्या पाठीवर ते होते आणि शेजारणीने संस्थेवर संशय घेतला होता. लसींची नोंद नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून नव्याने वेळापत्रक करून घ्या.

मुलींच्या बाबतीत एक खास गोष्ट. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा तिथल्या डॉक्टरांनी अभ्यास केला. त्यातल्या बऱ्याच जणींना पाळी लवकर आली. आधी कुपोषणामुळे वाढ खुंटलेली आणि मग चांगलं खायला मिळताच झपाट्याने वाढ, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून दत्तक मुलीची उंची-वजन नोंदवत राहा आणि आठ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून उजळ व्हावी म्हणून पोरीच्या तोंडाला मेडिकलमधलं स्टेरॉइडचं क्रीम फासू नका. कातडी पातळ होते, पुरळ येतं, आणि 'तुझा रंग चुकीचा आहे' हे तिच्या मनात बसतं ते वेगळंच.

परदेशात गेलेल्या आपल्या मुलांचे चेहरे तर तिथल्या आई-बापांशी कधीच जुळले नाहीत. १९८५ साली नागपूरच्या मातृसेवा संघात एक तान्हं बाळ सोडलं गेलं. तिथल्या नर्सने महिन्यावरून त्याचं नाव फाल्गुन ठेवलं. ते बाळ नेदरलँड्समधल्या कुटुंबात वाढलं. आज फाल्गुन बिनेन्डाइक हे तिथल्या हेमस्टेड शहराचे महापौर आहेत. नर्सने दिलेलं नाव त्यांनी टाकलं नाही आणि ते जन्मदात्या आईच्या शोधात नागपूरला येऊन गेले. भरल्या घरात वाढलेल्या माणसालाही हा प्रश्न पडतो. त्यात सांभाळणाऱ्या आई-बापांचा अपमान नाही.

मात्र परदेशी दत्तकाची सगळीच कहाणी गोड नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाम युद्ध संपता संपता अमेरिकेने अडीच हजारांहून जास्त मुलं घाईघाईने विमानांनी बाहेर काढली. त्यातली काही अनाथ नव्हतीच, त्यांचे आई-बाप मागे जिवंत होते. पुढे ही मुलं गोऱ्या घरांत वाढली आणि कागदच धड नसल्याने अनेकांना आपलं मूळ शोधता आलं नाही. म्हणून हॉस्पिटलमधून, ओळखीतून, 'कुणाला कळणार नाही' म्हणत परस्पर मूल घेऊ नका. रीतसर दत्तक घेतलेल्या मुलाची नोंद राहते आणि १८ वर्षांनंतर ते स्वतः आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं. मूल सोपवणाऱ्या आईची ओळख मात्र तिच्या संमतीशिवाय उघड होत नाही.

शेवटी आपल्या समाजाला एक प्रश्न. जुन्या हिंदू कायद्यात मुलगाच दत्तक घेता येई आणि तोही आपल्याच जातीचा. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात लग्नाबरोबर दत्तकासाठीची जातीची अटही काढलेली होती. दत्तकाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ ला झाला, महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी. त्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागलं आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. ज्या बापाने रक्ताची आणि जातीची अट मोडायला घेतली, त्याच्या लेकरांनी 'उजळ आहे का, आपल्यात खपेल का' विचारावं?

मूल घरी आलं की पहिल्या वर्षापासून त्याला खरं सांगा. शेजाऱ्यांनो, 'खरी आई कोण' हे विचारू नका. समोर जी उभी आहे, तीच.

त्या मुलाने दीड महिना आईशी अबोला धरला होता. 'चेहरा बघून तुम्ही मला फसवलंत,' एवढंच तो म्हणायचा. आज तो नोकरीला आहे. दर १४ एप्रिलला रक्त द्यायला येतो. गेल्या वर्षी फॉर्म भरून झाल्यावर त्याने मागे वळून हाक मारली, "आई, तू पण ये ना, ओ पॉझिटिव्ह लागतंय."