झिलई हवी, पण शिशाची नको

वाचकहो, मातीच्या भांड्यांना पुन्हा गिऱ्हाईक येऊ लागले आहे. शहरातला माणूस माठावर थांबत नाही. त्याला चकचकीत रंगीत कप, वाडगे, लोणच्याच्या बरण्याही हव्या असतात. कुंभारवाड्यात त्यामुळे चार पैसे येत असतील तर आनंदच आहे. पण ती चकाकी कशाची, हे विचारल्याशिवाय भांडे स्वयंपाकघरात नेऊ नका.

झिलई म्हणजे भांड्यावर चढवलेला काचेचा पातळ थर. तिच्यात मुख्य तीन गोष्टी. काच होण्यासाठी गारगोटीची पूड, ती ओघळू नये म्हणून माती, आणि ती लवकर वितळावी म्हणून द्रावक. एकटी गारगोटी वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. गावच्या आव्यात मिळते जेमतेम तिच्या निम्मी. म्हणजे सारा भार द्रावकावर, आणि गोम इथेच आहे.

कमी आचेवर झटकन वितळणारा जुना द्रावक म्हणजे शिसे. मुर्दाडशिंग शिशाचेच, आणि पारंपरिक शेंदूरही शिशाचाच. त्याने आरशासारखी चमक येते, रंग खुलतात. पण अशा भांड्यात कैरीचे लोणचे, चिंचेचे सार किंवा ताक ठेवले की आंबटपणामुळे शिसे अन्नात उतरते. ते जिभेला कळत नाही. शरीरात साठत जाते आणि सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचे करते. मेक्सिकोतील खेड्यांनी अशा भांड्यांपायी हा त्रास वर्षानुवर्षे भोगला आहे. आपण तो विकत कशाला घ्यायचा?

रंगांचे म्हणाल, तर तांब्याने हिरवा, लोखंडाने पिवळा-तपकिरी, कोबाल्टने निळा आणि मँगेनीजने जांभळट-काळा रंग येतो. यात एक मेख आहे. शिशाच्या झिलईत तांबे पडले, तर शिसे अधिकच सुटते. म्हणून स्वस्तातली हिरवीगार बरणी दिसली की दोनदा विचार करा.

पर्याय आहे. टाकणखार हाही चांगला द्रावक. तो पाण्यात विरघळतो म्हणून गारगोटीबरोबर वितळवून, काच करून, दळून वापरतात. या तयार चुऱ्याला ‘फ्रिट’ म्हणतात. घेताना ‘शिसेविरहित’ असे लेखी मागून घ्या. कारागीर बंधूंनो, फवारणीचे औषध कोणी मुठीने मोजत नाही. झिलईही तराजूनेच मोजा. कोरडी पूड कालवताना नाका-तोंडाला मास्क लावा, कारण गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते. मिश्रण बारीक चाळणीतून गाळा, आधी खापरीवर लावून भाजून पाहा, आणि प्रमाण वहीत लिहून ठेवा. भाजल्यावर झिलईला बारीक तडे दिसले, तर माती आणि झिलई यांचे जमलेले नाही. ते भांडे खाण्यापिण्यासाठी विकू नका.

माठाला मात्र झिलई नकोच. तो पाझरतो म्हणून तर पाणी गार होते.

आता गावकारभाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य अशी तिची रचना असून अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत ठेवली आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी सही करून मोकळे होऊ नये. फ्रिटची झिलई साधारण हजार अंशांच्या आसपास नीट बसते. उघड्या आव्यात ते साधत नाही, बंद भट्टी लागते. ती एकट्या कुटुंबाला परवडणारी नाही. तेव्हा तालुक्याला एक सामायिक भट्टी, प्रशिक्षणात झिलईचा धडा आणि नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी, ही मागणी पंचायत समितीपुढे गेली पाहिजे. नुसते विजेचे चाक देऊन भागणार नाही.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, भांडे आपल्या कुंभाराकडूनच घ्या. शोभेच्या फुलदाणीला कोणतीही झिलई चालेल. लोणच्याच्या बरणीला मात्र शिसे चालणार नाही, हे त्याला ठणकावून सांगा. गिऱ्हाईक विचारू लागले, की कारागीर आपोआप बदलतो.