हिरवा दिवा कोणासाठी?

फोनवर रेंज फुल दिसते आणि यूपीआयचं चक्र मात्र फिरतच राहतं, हा अनुभव नसलेला माणूस आज सापडणं कठीण. दुकानदार म्हणतो, 'रेंज तर आहे की!' तो खोटं बोलत नसतो. रेंजच्या त्या दांड्या एवढंच सांगतात की जवळच्या टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. टॉवरच्या पुढे काय चाललंय, बँकेचा सर्व्हर उत्तर देतोय का, हे त्यांना ठाऊकच नसतं. तरी आपण 'नेट चालतंय का?' याचं उत्तर त्यांच्यातच शोधतो.

सामान्य माणसाची ही गफलत समजू शकते. माझं भांडण माझ्याच धंद्यातल्या लोकांशी आहे. नेटवर्क सांभाळण्याचा पगार घेणारे आम्ही लोक भिंतीवर मोठा टीव्ही लावतो आणि त्यावर अशाच दांड्या बघत बसतो. सगळं हिरवं दिसलं की आमचा दिवस चांगला गेला. मला हे मान्य नाही. मॉनिटरिंगच्या टूलबरोबर तयार आलेल्या सेन्सरवर विसंबून नेटवर्क चालवणं ही कामचुकारी आहे, आणि स्वतःचे सेन्सर लिहिणं हा या कामाचा गाभा आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

सेन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर एखादी वस्तू येते. इथे सेन्सर म्हणजे ठरावीक वेळाने विचारला जाणारा एक प्रश्न. नागिओस, झॅबिक्स, पीआरटीजी अशी टूल्स दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी राउटरला, स्विचला, सर्व्हरला असे प्रश्न विचारतात आणि उत्तरांना रंग देतात. सगळ्यात साधा प्रश्न म्हणजे पिंग: 'आहेस का रे?' माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८३च्या डिसेंबरात तो लिहिला. पुढे १९८८मध्ये एसएनएमपी आलं. त्यात प्रत्येक उपकरण स्वतःबद्दलची माहिती एका झाडासारख्या रचनेत मांडून ठेवतं आणि झाडाच्या प्रत्येक पानाला आकड्यांचा पत्ता असतो. १.३.६.१.२.१.२.२.१.८ या पत्त्यापुढे पोर्टचा क्रमांक लावून विचारलं, की तो पोर्ट चालू आहे का ते कळतं. १ आलं तर चालू, २ आलं तर बंद.

आता टूल्स इतकी सोयीची झाली आहेत की नेटवर्कचा पत्ता द्यायचा, टूल आपणहून उपकरणं शोधतं, तयार टेम्प्लेट चिकटवतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनशे हिरवे चौकोन तयार होतात. त्याचा फोटो रिपोर्टमध्ये जातो, साहेब खूश होतात. पण हे तीनशे प्रश्न कुणी निवडले? टूल बनवणाऱ्याने. त्याने ते जगातल्या प्रत्येक नेटवर्कला लागू पडावेत म्हणून निवडले. तुमच्या नेटवर्कवर कोण बसतं आणि त्याला काय हवं असतं, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

याची किंमत कोण मोजतं ते मी एका सहकारी बँकेच्या शाखांमध्ये पाहिलं. तालुक्याच्या गावातल्या शाखांमधून तक्रार यायची, 'सर, लॉगिन होतंय, पण खातेउतारा उघडत नाही.' मुख्य कार्यालयातून ठरलेलं उत्तर जायचं, 'मॅडम, इथं सगळं ग्रीन दिसतंय. तुमच्या कॉम्प्युटरचाच प्रॉब्लेम असेल.' काउंटरपलीकडे पेन्शनर उभे. त्यांना सांगायला शाखेकडे एकच वाक्य: 'सर्व्हर डाऊन आहे.'

बिघाड समजायला अवघड नव्हता. नेटवर्कवरून माहिती पाकिटांमधून जाते आणि इथरनेटवर पाकिटाची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यामध्ये टनेल होतं. टनेलमध्ये पाकिटाला वरून आणखी एक वेष्टण लागतं, त्यामुळे आतल्या मालाला जागा कमी उरते. मोठं पाकीट आलं तर वाटेतल्या राउटरने 'एवढं मोठं मावत नाही, लहान करून पाठव' असा निरोप मागे धाडायचा असतो. तो निरोप एका फायरवॉलने 'सुरक्षेसाठी' अडवला होता. त्यामुळे लहान पाकिटं सुखरूप पोचायची आणि मोठी वाटेतच गायब व्हायची. लॉगिनची देवाणघेवाण लहान, ती व्हायची. उतारा मोठा, तो अडकायचा. आणि पिंग? नेहमीचं पिंग विंडोजवर ३२ आणि लिनक्सवर ५६ बाइटांचा माल पाठवतं. इतकं चिमुकलं पाकीट कुठेही अडणार नव्हतं. टीव्हीवर वर्षभर हिरवं दिसलं असतं.

मला सगळ्यात जास्त खटकला तो त्या हिरव्या रंगाचा वापर. तो पुरावा म्हणून वापरला जात होता, तोही तक्रार करणाऱ्या बाईंच्या विरोधात. आकडा ज्याच्याकडे असतो त्याचं ऐकलं जातं, आणि शाखेतल्या बाईंकडे आकडा नव्हता, फक्त अनुभव होता.

मग एका सहकाऱ्याबरोबर बसून आम्ही सेन्सर लिहिला. जेमतेम पन्नास ओळींची स्क्रिप्ट, मुख्य कार्यालयात न ठेवता शाखेतल्याच एका यंत्रावर चालणारी. तिने आधी सर्व्हरचं नाव शोधायचं, मग जोडणी करायची, मग चाचणीसाठी उघडलेल्या खात्याचा लांबलचक उतारा मागवायचा. तो पूर्ण आला का आणि किती सेकंदांत आला, हे टूलला कळवायचं. उत्तर द्यायची पद्धत नागिओसच्या जगात जुनी आणि साधी आहे: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे कळत नाही. इशारा किती सेकंदांवर द्यायचा हे आम्ही कॅशियरला विचारलं. ते म्हणाले, 'आठ-दहा सेकंदांपुढे रांग कुरकुरायला लागते.' आम्ही आठ लिहिले. पहिल्याच दिवशी शाखा लाल झाल्या, दोन दिवसांत फायरवॉलचा नियम बदलला गेला. तक्रारी महिनोन्‌महिने येत होत्या. फरक इतकाच पडला की आता शाखेकडेही आकडा होता.

तयार सेन्सर अपुरे असतात, आणि कधी कधी चक्क चूक आकडाही देतात. पोर्टमधून किती बाइट गेले हे मोजणारा जुना मोजणीदार ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९५च्या पुढे तो पुन्हा शून्यावर येतो. १ गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर हे साधारण ३४ सेकंदांत घडतं. तुम्ही पाच मिनिटांनी एकदा विचारत असाल तर मधल्या काळात तो आठ वेळा शून्यावर येऊन गेलेला असू शकतो, आणि ओसंडून वाहणाऱ्या लाइनचा आलेख निवांत दिसतो. ६४ बिटांचे मोजणीदार कधीचेच आलेत, पण एसएनएमपीची पहिली आवृत्ती ते वाचूच शकत नाही. सेटिंगमध्ये कुणीतरी कधीतरी 'आवृत्ती १' निवडलं आणि पुढे कुणी बघितलंच नाही, तर तो आलेख रोज खोटं बोलत राहील.

आणि सेन्सरच गप्प झाला तर? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायोमध्ये फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातलं इशारे देणारं सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास अडकलं. पडद्यावर नवा इशारा येत नव्हता आणि येत नाहीये हेही तासाभराहून अधिक काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. एकेक वाहिनी पडत गेली. चार वाजून गेल्यावर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. 'काही बिघडलेलं नाही' आणि 'काही कळलेलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागिओसमध्ये ३ हा वेगळा आकडा ठेवलाय तो यासाठीच. आपल्याकडे मात्र त्या 'कळत नाही'ला फिकट रंग देतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात सारतात.

यावर माझे सीनियर दोन आक्षेप घेतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला: घरगुती स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी सोडून जातो आणि मागे अनाथ कोड राहतो. दुसरा: सेन्सर वाढले की इशारे वाढतात, आणि इशाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळे म्यूट करून टाकतात. खरं आहे. पण म्यूट होतो तो ग्रुप बहुतेकदा तयार टेम्प्लेटनेच भरलेला असतो: रात्री बंद केलेल्या प्रिंटरचा इशारा, सीपीयू दहा सेकंद ऐंशी टक्क्यांवर गेल्याचा इशारा. ते ऐंशी कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझी मागणी ढीगभर सेन्सरची नाही. दहाच लिहा, पण प्रत्येकावर मालकाचं नाव असू द्या आणि तो लाल झाल्यावर नेमकं काय करायचं याची एक ओळ असू द्या. ज्या इशाऱ्यावर कुणी काहीच करत नाही, तो काढून टाका. अनाथ कोडचं म्हणाल तर पन्नास ओळी वाचून समजतात. न विचारलेला प्रश्न मात्र कुठेच लिहिलेला नसतो, तो वारसाने पुढच्या माणसाकडे जाणार कसा?

तिसरा आक्षेप तोंडाने कुणी घेत नाही, पण तोच खरा आहे. चांगला सेन्सर लिहिला की अपयश दिसायला लागतं. करारात ९९.९ टक्के अपटाइम लिहिलेला असतो, म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद राहण्याची सूट. पण 'चालू' म्हणजे काय हे पिंगवर ठरत असेल, तर खातेउतारा न उघडणारी शाखाही महिनाभर शंभर टक्के चालूच धरली जाते. दंड टळतो, बिल पास होतं. हिरवा दिवा इतका लाडका का आहे ते इथे कळतं. म्हणून करारात 'लिंक चालू' असं न लिहिता 'उतारा आठ सेकंदांत' असं लिहायला हवं, आणि ते मोजणारा सेन्सर दोन्ही पक्षांना दिसायला हवा.

कॉलेजात ओएसआयचे सात थर आपण पाठ केले. पिंग तिसऱ्या थरावर विचारपूस करतं. माणूस सातव्याच्याही वर बसलेला असतो, हातात पासबुक घेऊन. मधल्या थरांत काय अडलंय ते विचारणं हे आपलं काम आहे.

तुम्ही या क्षेत्रात असाल तर या आठवड्यात एक करून बघा. रीतसर परवानगी घेऊन, कुणाचं नुकसान होणार नाही अशा चाचणीच्या जोडणीवर मुद्दाम बिघाड करा: केबल काढू नका, फक्त मोठी पाकिटं अडवा. मग घड्याळ लावून बसा. सेन्सर आधी ओरडला तर उत्तम. वापरणाऱ्याचा फोन आधी आला, तर भिंतीवरचा तो टीव्ही काढून कॅन्टीनमध्ये लावा. तिथे निदान मॅच तरी बघता येईल.