न्हाणीघरातील काळे डाग

२०२१ च्या उन्हाळ्यापासून ‘काळी बुरशी’ हे शब्द आपल्याकडे भयसूचक झाले आहेत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसमुळे विदर्भातील अनेकांना डोळा वा जबडा गमवावा लागला. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी नातलगांची झालेली वणवण आणि त्याच मे महिन्यात शेजारच्या वर्ध्यात सुरू झालेले त्याचे उत्पादन पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यामुळे श्रावणात न्हाणीघराच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले की मला हमखास विचारले जाते, ‘डॉक्टरसाहेब, ही तीच का?’

ती ही नव्हे. म्युकरमायकोसिसची बुरशी मुळात पांढरट-करडी असते. ती मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात, शिळ्या पोळीवर वाढते. रुग्णाच्या टाळूवर दिसणारा काळा रंग रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या पेशींचा असतो. टाइल्सच्या सांध्यांतील काळे डाग मात्र बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस अशा सर्वत्र आढळणाऱ्या बुरशींचे असतात. साबणाचा साका आणि अंगाचा मळ एवढ्यावर त्यांचे भागते. नायटा वा गजकर्णही या भिंतीवरून येत नाही. ते एकमेकांचे टॉवेल व कपडे वापरल्याने पसरते.

म्हणून या डागांकडे दुर्लक्ष करावे, असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे बालक श्वसनविकाराने दगावले. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे हा मृत्यू ओढवल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला आणि घरमालक संस्थांनी ओल व बुरशी ठरावीक मुदतीत दूर करावी, असा कायदा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. एवढे टोकाचे परिणाम विरळाच; परंतु ओलसर घरांत खोकला, शिंका आणि दम्याचे प्रमाण अधिक आढळते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नोंदवले आहे. दमेकरी, केमोथेरपी घेणारे, अनियंत्रित मधुमेह असलेले रुग्ण यांनी विशेष जपावे. आपल्याकडे आणखी एक गट आहे, ज्याचा सहसा कोणी विचार करीत नाही: क्षयरोगातून बरे झालेले लोक. फुप्फुसात जुनी पोकळी राहिली असल्यास ॲस्परजिलस तीत गोळा करून राहू शकतो व पुढे थुंकीतून रक्त पडू शकते. अशा व्यक्तीने भिंती खरवडण्याचे काम अंगावर घेऊ नये.

बुरशी पुसण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे. यवतमाळच्या बऱ्याच भागांत घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना भेगा पाडते. त्या भेगांतून ओल आत शिरते. कधी गच्ची गळत असते, कधी भिंतीतला नळ झिरपत असतो. अशा भिंतीवर नवा रंग देणे म्हणजे चिखलावर चादर अंथरणे; दोन महिन्यांत डाग पुन्हा वर येतात. दुसरे कारण कोंडलेली वाफ. हिवाळ्यात गार वारा नको म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावला जातो व तो वर्षभर तसाच राहतो. तो काढावा. आंघोळीनंतर वायपरने भिंती व फरशी निपटावी, दार उघडे ठेवावे, एक्झॉस्ट पंखा असल्यास अर्धा तास चालवावा, ओले कपडे आत वाळत घालू नयेत. (न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर झरोक्याची गोष्ट बुरशीपुरती राहत नाही. कोंडलेल्या जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने आंघोळ करता करता मृत्यू ओढवतो. असा गीझर न्हाणीघराबाहेरच बसवावा.)

टाइल्सवरील डागांना बहुतेक वेळा साधी साबणपूड, ब्रश आणि मेहनत पुरते. खाण्याच्या सोड्याचा लेपही चालतो. डाग कोरडे खरवडू नयेत, बीजाणू हवेत उधळतात; आधी भिजवावे. नाकातोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे घालावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे. डाग हटलाच नाही तर एक लिटर पाण्यात सुमारे ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच मिसळून लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन कोरडे करावे. पोपडे धरलेल्या प्लास्टरवर मात्र ब्लीचचा उपयोग नाही, कारण बुरशी आत शिरलेली असते. तेथे ओल थांबवून प्लास्टरच काढावे लागते.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर, आणि फरशी-संडास साफ करण्याचे ॲसिड, ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नयेत. ‘एकाने गेले नाही, दुसरेही ओतून पाहू’ हा मोह घरोघरी होतो. दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला गेला तो हाच. दार लावलेल्या चार बाय सहाच्या न्हाणीत तो काही क्षणांत डोळे, घसा व फुप्फुसे भाजून काढतो. व्हिनेगर किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनरही ब्लीचसोबत नको. चुकून असे घडलेच तर भांडे उचलत बसू नये. तत्काळ मोकळ्या हवेत यावे, डोळे पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत, कपडे बदलावेत आणि बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. फुप्फुसात पाणी भरण्यास काही तास लागू शकतात. सायंकाळी ठीक असलेला माणूस पहाटे धापा टाकताना आणला जातो.

शेवटी, घरात डाग आहेत म्हणून प्रत्येक खोकल्याचे खापर बुरशीवर फोडू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजनात घट यांपैकी काही असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य होते.