देशोदेशीचे संसार : मनिलाची आजी

फिलिपाइन्समध्ये वडीलधारे माणूस भेटले की लहानांनी त्याचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला टेकवावा, अशी रीत आहे. वडिलांशी बोलताना वाक्यावाक्यात ‘पो’ हा आदरार्थी शब्द यावा लागतो. तो आपल्या ‘अहो’चा दूरचा भाऊबंदच म्हणावा! अशा घरांत दूरचित्रवाणीने काय आणावे याची चिंता तेथील सरकारनेही वाहिली आणि १९८५ साली चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी परीक्षण मंडळ नेमले. परंतु मंडळ फार तर काय दाखवू नये हे सांगणार. काय दाखवावे, हे २०१५ साली एका विनोदी कार्यक्रमाने दाखवून दिले.

‘ईट बुलागा’ हा दुपारच्या जेवणवेळचा कार्यक्रम १९७९ पासून घरोघरी पाहिला जाई. त्यात मेन मेंडोझा ही नवखी नटी एका श्रीमंत आजीबाईंच्या ‘याया’ची, म्हणजे दाईची, भूमिका करीत असे. स्वतःच्या आवाजात ती बोलतच नसे. ध्वनिमुद्रित शब्दांवर केवळ ओठ हलवी. पडद्याच्या एका अर्ध्या भागात ती आणि दुसऱ्या अर्ध्यात आल्डेन रिचर्ड्स हा तरुण नट. एके दिवशी त्याला पाहून ती खरोखरच लाजली, आणि त्या लाजण्यातून रोजची मालिका उभी राहिली.

मालिकेची खरी नायिका मात्र आजीबाई निदोरा. ती भूमिका वॉली बायोला या पुरुष नटाने केली, हा त्यातला आणखी एक विनोद. आजीबाईंचा दंडक असा की, मुलाने घरी येऊन रीतसर मागणी घालावी, वडिलांचा मान राखावा, उतावीळ होऊ नये. सारे काही ‘योग्य वेळी’! दोघे भेटणार म्हणावे तो मध्ये लाकडी फळी येई. अखेर ऑक्टोबर २०१५ मध्ये बुलाकान प्रांतातील भव्य फिलिपाइन अरेनात त्यांची भेट झाली. त्या दिवशी ट्विटरवर ४ कोटी १० लाख संदेश उमटले.

लोकांना जुन्या रीतींची ओढ होती, असे याचे कारण सांगतात. ते खरे असेल. मला मात्र ते अपुरे वाटते. या देशाची वीस लाखांवर माणसे परदेशी राबतात. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असून अनेकजणी हाँगकाँगात वा आखाती देशांत दुसऱ्यांची मुले सांभाळतात. त्यांची स्वतःची मुले आजीपाशी वाढतात आणि आई दिसते ती मोबाइलच्या पडद्यावर. अर्ध्या पडद्यात एक, उरलेल्या अर्ध्यात दुसरा. मध्ये अंतर, आणि घरात शिस्त लावणारी आजी. त्या विनोदात हे सगळे आयतेच आले होते. मालिकेतली मुलगी दाई असावी, हेही किती समर्पक!

पण आजीबाईंच्या धीराची शिकवण लग्नाच्या उंबरठ्याशी थांबते. मुसलमान समाजाचा अपवाद सोडल्यास फिलिपाइन्समध्ये घटस्फोटाचा कायदा नाही. छळ सोसणाऱ्या पत्नीला कायमचे मोकळे व्हायचे तर विवाह मुळातच अवैध होता, असे न्यायालयात सिद्ध करावे लागते. त्यात पैसा जातो आणि वर्षेही जातात. मे २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने घटस्फोटाचे विधेयक संमत केले. सेनेटात ते अडले. तिला ‘योग्य वेळ’ कोणी सांगावी? या प्रश्नावर दुपारच्या वेळी विनोद करणे सोपे नाही, आणि केलेलाही बरा दिसणार नाही.

ती मालिका २०१६ साली संपली. मेन मेंडोझाने २०२३ साली आर्जो आतायदे या नट-लोकप्रतिनिधीशी विवाह केला. तो मालिकेतला वर नव्हे म्हणून काही चाहते तिच्यावर रुसले आहेत.