गाडी विकण्याआधी ती एकदा खालून बघा

गणपती जवळ आले की पनवेलच्या गॅरेजांत रांग लागते. गावाला जायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच मेकॅनिक सांगतो, "क्लचप्लेट संपलीय, सस्पेन्शनचं काम निघालंय, पंचेचाळीस हजार धरून चला." गाडी बारा-तेरा वर्षांची, बाजारात दीड लाख आले तरी पुष्कळ. मग घरात वाद सुरू होतो: एवढे पैसे या डबड्यात घालायचे, की सरळ नवी काढायची?

बिल हातात असताना हा निर्णय घेऊ नका. आणि बिलाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी तर करूच नका. गाडी विकायचीच नसेल तर तिचा भाव तुमच्या काय कामाचा? तुलना करायची ती नव्या गाडीच्या हप्त्याशी. सहा लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे वर्षाला दीड लाख, विमा वेगळा. पंचेचाळीस हजारांत जुनी गाडी दोन वर्षं नीट चालणार असेल, तर ते काम चार हप्त्यांत भागलं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, गाड्या स्वस्त झाल्या, हे खरं. पण हप्ता कोणाला सुटत नाही.

त्यातून आपल्याकडचे कितीतरी लोक रोज लोकलने मुंबई-ठाणे गाठतात. गाडी आठवडाभर सोसायटीत उभी, रविवारी डी-मार्ट नाहीतर लग्नकार्य. अशा उभ्या गाडीसाठी दीड लाख कशाला? ज्याला दर आठवड्याला बोरघाट चढायचा आहे, त्याची गोष्ट निराळी. इंजिन सारखं तापत असेल, तर घाटात ते कधी दगा देईल याचा नेम नाही.

आता खरी मेख. आपण इंजिनाची काळजी करतो, पण इंजिन, क्लच, शॉकअप हे सगळं बदलता येतं. पत्र्याचं तसं नाही. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस, एरवीही हवा दमट. गाडी वरून चकाचक दिसते आणि खालून सडत जाते. म्हणून गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली जाऊन उभे राहा. दाराखालची पट्टी आणि शॉकअप जिथे बसतो ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज येऊन तपकिरी पापुद्रे गळायला लागले, तर त्या गाडीवर आणखी पैसे घालू नका. वरून काळं कोटिंग मारून गंज झाकता येतो, थांबवता येत नाही. सांगाडा पोखरलेली गाडी अपघातात माणसाला वाचवत नाही, हेही ध्यानात असू द्या. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या तुमच्या गाडीत यातलं काहीच नसेल आणि लेकरंबाळं घेऊन एक्स्प्रेसवेला नेहमी जाणं होत असेल, तर नवी घ्यायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

"दहा वर्षांनी डिझेल गाडी बंदच होणार आहे," असं सांगून स्वस्तात गाडी लाटणारे एजंट भेटतात. ती बंदी दिल्ली परिसराची, आपली नव्हे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. 15 वर्षांनंतरची फी 5,000 रुपये, 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000, शिवाय पर्यावरण कर. हा खर्च हिशेबात धरा, पण त्याला भिऊन गाडी फुंकून टाकू नका.

आणि विकायचीच ठरली, तर दोन गोष्टी सांभाळा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून, पैसे मोजून मोकळे होऊ नका. आरसीवर नाव तुमचं राहिलं आणि त्या गाडीने कोणाला उडवलं, तर भरपाई तुमच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तसा निकाल दिलेला आहे. भंगारात काढत असाल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या आणि तिथलं प्रमाणपत्र घ्या; नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. विकलीत, तर आरसीवर नवं नाव चढल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत खरेदीदाराचा पिच्छा सोडू नका.