दोषी एकच असतो असं नाही



काल एका भावाचा फोटो आला. डाळिंबाची एक फांदी पिवळी पडलेली आणि खाली प्रश्न, "दादा, काय मारू?" मी म्हटलं, आज काहीच मारू नको. का, ते सांगतो.

तिकडे ब्रिटनमध्ये ओकची मोठमोठी झाडं आजारी पडतात. सालीला उभ्या चिरा जातात, त्यातून काळपट पाणी गळतं आणि काही झाडं चार-पाच वर्षांत वाळतात. शास्त्रज्ञांनी सडलेल्या आतल्या सालीतून जिवाणू वेगळे केले, तर ते विज्ञानाला नवीनच निघाले. 2010 मध्ये एकाचं नाव ठेवलं गिब्सिएला क्वेर्सिनेकन्स, म्हणजे ओकला मारणारा. 2012 मध्ये दुसरा, ब्रेनेरिया गुडविनी.

नाव मिळालं, पण त्यांनी काम थांबवलं नाही. ओकच्या ओंडक्यांत हे जिवाणू टोचले, सोबत सालीखाली बोगदे करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या सोडून पाहिल्या. जिवाणूंनी साल सडलीच, पण अळ्या असल्या की सड जास्त पसरली. 2018 मध्ये हे छापून आलं. वर दुष्काळाने आधीच अशक्त झालेलं झाड याला लवकर बळी पडतं.

आता आपलं बघा. तेल्या एका जिवाणूमुळे येतो, पण मर रोगाचं तसं नाही. सेरॅटोसिस्टिस बुरशी, मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी, खोडाला टाचणीएवढी छिद्रं पाडणारा भुंगेरा, यातलं एक असेल नाहीतर सगळंच असेल. माझी चाळीस झाडं गेली तेव्हा मी दुकानदाराच्या सांगण्यावरून नुसती बुरशीनाशकाची आळवणी करत बसलो. शेवटी झाड उपटलं तेव्हा मुळावर गाठीच गाठी! पैसा गेला आणि बागही गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी मुळं उकरा, खोड बघा. नमुना द्यायचा तर पूर्ण वाळलेल्या झाडाचा नको, नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाचा द्या. सोबत मुळाजवळची माती आणि निरोगी झाडाचाही नमुना द्या. आणि कृषी क्षेत्रातल्या साहेब लोकांना विनंती, रिपोर्टात एक नाव सापडलं की तिथेच थांबू नका. बाकीचंही तपासा.

तुमच्या बागेत मर आली तेव्हा मुळं कोणी उकरून पाहिली होती का? काय दिसलं ते खाली लिहा.